काचघर आत धरायचं की बाहेर

रीडिंगताईला माणसं चेहऱ्यानं कमी आणि मीटरनं जास्त आठवतात. कुणाचंही घर विचारा, ती सांगणार, "जिन्याखाली मीटर, वर कोळ्याचं जाळं, वाकून बघावं लागतं. पण बाई चांगली, पाणी विचारते." सव्वीस वर्षं तिनं दारोदार जाऊन विजेच्या मीटरचे आकडे टिपले. आधी वहीत, मग हातातल्या छोट्या यंत्रात. यंत्रं बदलली, पाय तेच. दिवसाला दीडशे घरं. चाल अशी, की गल्लीतलं कुत्रं भुंकायला उठेपर्यंत ही तीन घरं पुढं गेलेली.

आणि ह्या बाईनं दोन वर्षं झाली, घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

झालं असं, की एका दुपारी मोठा चौक ओलांडताना ती मधोमध थांबली. कुणी धडकलं नाही, कुणी काही बोललं नाही. तिनं नुसतं वर बघितलं आणि आभाळ भलतंच मोठं वाटलं. छाती धडधडायला लागली, पायातलं बळ गेलं. कशीबशी कडेला आली आणि विजेच्या खांबाला जी मिठी मारली, ती सुटेना. लोकांनी घरी आणून सोडलं. हृदय तपासलं, ठणठणीत निघालं. मग मनाच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, घाई करू नका, रोज थोडं थोडं बाहेर पडा. गोळ्या तिनं नेमानं घेतल्या. थोडं थोडं मात्र जमेना. दाराशी गेली की तळहातांना घाम फुटायचा. नोकरी सुटली. दिवसभर ती मधल्या खोलीत बसायची, जिथून रस्ता दिसत नाही अशा कोपऱ्यात.

नवरा काचवाला. खिडक्यांच्या काचा, आरसे, तसबिरींच्या चौकटी हे त्याचं काम. बोटांवर जुन्या चिरांच्या बारीक पांढऱ्या रेघा. बोलणं काच कापल्यासारखं, एकच रेघ ओढायची आणि थांबायचं. बायकोचं हे असं झाल्यावर त्यानं वर्षभर काही म्हटलं नाही. मग एक दिवस दार आणि फाटक यांच्यामध्ये जे टीचभर अंगण होतं, तिथं लाकडी चौकटी उभ्या करायला लागला. वर उतरतं छप्पर, तेही काचेचं. छपराला लागून सरकवायच्या दोन झडपा, गरम हवा बाहेर जायला.

शेजारची शिंपीणकाकू कुंपणावरून सगळं बघत होती. तिला गल्लीतलं काहीही बघितल्याशिवाय राहवत नाही. तिचं शिलाईमशीनच मुळी खिडकीला लावलेलं.

"अहो, दुकानात एवढी मोठी अखंड काच उभी आहे तुमच्या. आणि इथं हे काय, वहीच्या पानाएवढे तुकडे जोडत बसलाय?"

"हिला आभाळ वाटीवाटीनं द्यायचंय," काचवाला म्हणाला, आणि काचेच्या कडेला लांबीचा लगदा दाबायला लागला.

तसंच झालं. पहिले काही दिवस रीडिंगताई काचघरात बसली ती फक्त खालच्या ओळीतल्या काचांकडं बघत. तिथं कुंडी दिसायची, विटेचा तुकडा दिसायचा, एखादी मुंगी. मग दुसरी ओळ. तिथं फाटक आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे गुडघे. तिसऱ्या ओळीत समोरच्या घराचं छप्पर. सगळ्यात वरच्या ओळीपर्यंत नजर न्यायला तिला अख्खा हिवाळा लागला.

तोवर घर मात्र हळूहळू तिथं सरकलं. सकाळचं ऊन आधी तिथंच यायचं, म्हणून चहा तिथं. कपडे तिथं वाळायला लागले, कारण ना धूळ, ना कावळा. जुन्या डब्यांत तिनं मिरचीची, टोमॅटोची रोपं लावली. थंडीत ती अशी तरारली, की शिंपीणकाकू म्हणाली, "माझ्या पोरांना पण आणून ठेवते दोन महिने." काचवाला तिथं केस कापून घ्यायचा, तिच्याच हातानं. उन्हाळ्याच्या तोंडाला त्यानं छताच्या काचांवर चुन्याचं पातळ पाणी मारलं, आणि आतला उजेड दुधासारखा झाला. त्या उजेडात माणूस बसला की पाच मिनिटांत डोळे जड. ओल्या मातीचा वास, वाळत्या कपड्यांचा वास, भिंतीवर पानांच्या सावल्या. गल्लीत तिला "पेटीतला मासा" म्हणायला लागले. तिला राग आला नाही. "मासा तरी पोहतो," म्हणाली.

भांडण लागलं ते चपलेवरून.

शिंपीणकाकू एकदा सरळ चपलांसकट आत आली.

"अगं काकू, चप्पल!"

"हे अंगण आहे. वर काच टाकली म्हणून अंगण घरात येतं होय?"

"चार बाजूंनी भिंत आहे."

"पलीकडचं दिसतं ती भिंत कसली? बाहेर आहे हे, बाहेर."

काचवाल्याला पंच केलं. तो विचार करून म्हणाला, "पाऊस लागत नाही, म्हणजे आत. ऊन लागतं, म्हणजे बाहेर. अर्धं अर्धं धरा."

"मग मी एकाच पायात घालते," शिंपीणकाकू म्हणाली.

पण रीडिंगताई हटली नाही. तिच्या आवाजात असं काही होतं, की काकूनं पुढं ताणलं नाही, निमूट चप्पल काढली. "चप्पल जिथं निघते, तिथून घर," रीडिंगताई म्हणाली. "मी घरात आहे." काचघराच्या दारापाशी चपलांची फळी आली. तिच्यावर सगळ्यांच्या चपला असायच्या. रीडिंगताईच्या कामावरच्या जाड तळव्याच्या होत्या त्या खालच्या कप्प्यात, धूळ खात.

दुपारी, दुधाळ उजेडात डोळे मिटून बसली की ती फेरीला निघायची. मनातल्या मनात, पण एक घर न चुकता. पोस्टाची गल्ली, बेकरीमागचा बोळ, दोन जिन्यांची इमारत. ओठ पुटपुटत राहायचे. काचवाला जेवायला आला की तिच्या शेजारी टेकायचा आणि विचारायचा, "आज कुठवर?"

"बेकरीपर्यंत. भट्टी बंद होती."

"काल चालू होती की."

"मी चार वर्षांपूर्वीच्या मंगळवारी गेले होते."

असं त्यांचं चालायचं. ह्या दुपारच्या स्वप्नात आभाळ नव्हतं. मीटर बघणाऱ्याला वर बघायला वेळ कुठला?

त्यांना एकच मुलगी. लग्न होऊन ती पाण्याच्या टाकीपलीकडं राहायला गेली ती आईचं हे दुखणं सुरू झाल्यावर. दर रविवारी यायची, काचघरात आईच्या मांडीवर पाय टाकून पडायची. सहावा महिना लागला होता. एका सोमवारी तिचा फोन आला. तपासायला गेली तर डॉक्टरांनी सांगितलं, बाळंत होईपर्यंत अंथरुणातून उठायचं नाही, जिना तर चढउतर करायचाच नाही. घर तिसऱ्या मजल्यावर. नवऱ्याची नोकरी दिवसभराची. सासू नाही.

"आई, मला भीती वाटते गं एकटीला," ती म्हणाली. मग लगेच, "पण तू नको येऊस. तुला कसं जमेल? राहू दे."

ते "राहू दे" रीडिंगताईच्या जिव्हारी लागलं. ये म्हणाली असती आणि जमलं नसतं, तर निदान भांडता आलं असतं.

तीन दिवस तिनं प्रयत्न केला. खालच्या कप्प्यातल्या चपला काढल्या, पुसल्या, पायात घातल्या आणि काचेच्या दाराशी उभी राहिली. चपलेचा पट्टा पायावर चढला की तो चौक आठवायचा. ती चपला काढून ठेवायची. तिसऱ्या दिवशी ती तिथंच खाली बसली आणि चपला भिरकावल्या. एक मिरचीच्या डब्यात जाऊन पडली.

"फेरीतून जाते तिच्याकडं," ती त्या दुपारी काचवाल्याला म्हणाली. "तेवढं तरी. पण टाकीपाशी गेलं की पुढं सगळं धुरकट होतं. तो भाग माझ्याकडं कधी नव्हताच. मी चाललेच नाही तिकडं."

काचवाल्यानं जेवण अर्धं टाकलं आणि निघून गेला. परत आला तो घामाघूम.

"पोरीकडं जाऊन आलो," म्हणाला. "मोजत गेलो. डोळे मीट, सांगतो."

आयुष्यात एवढं तो कधी बोलला नसेल. दार उघडंच होतं, वारा यावा म्हणून वीट लावून ठेवलेलं. ती डोळे मिटून बसली, त्यानं तिच्या कोपराखाली हात धरला आणि सुरू केलं. "फाटक. उजवीकडं. काकूची खिडकी, मशीनचा आवाज. पुढं गटारावर फरशी आहे, हलते, जपून." ती पुटपुटत होती, "हो, माहितीये." "पोस्ट. बेकरी." "भट्टी?" "चालू आहे. आजची सांगतोय, आजची." ती स्वप्नात चालायला लागली की तिची बोटं हलायची, ती हलायला लागली. मग पाय हलले. मग ती उठली. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, नजर पायापुढच्या हातभर जमिनीवर. काचवाला दचकला, पण थांबला नाही. बोलत राहिला आणि तिच्या बाजूनं चालत राहिला. विटेला वळसा घालून, दारातून, फाटकातून, उजवीकडं.

शिलाईमशीनचा आवाज थांबला.

"अगं बाई! अनवाणी कुठं निघालात दोघं?"

रीडिंगताई थांबली. डोळे सताड उघडले. तिनं खाली पायांकडं बघितलं. खाली रस्ता होता. तिचा श्वास वरच्यावर राहिला. काचवाल्याला चौकातली ती खांबाची मिठी आठवली, जी त्यानं कधी बघितली नव्हती.

"घाबरू नकोस," तो म्हणाला. "आतच आहोत आपण. चप्पल कुठाय?"

ती त्याच्याकडं बघत राहिली. मग काकूकडं. जणू निकाल तिच्याकडं होता.

शिंपीणकाकू तोंडाची फाटकी, पण डोक्याची नाही. दोन्ही चेहरे तिनं एका नजरेत वाचले. खिडकीतून नाहीशी झाली आणि दाराशी आली. गळ्यात टेप, अंगावर दोरे. रस्त्यावर पाय ठेवायच्या आधी तिनं आपल्या चपला काढून पायरीवर ठेवल्या.

"हरले बाई मी," म्हणाली. "आतच आहे हे. पण हे आत आहे तरी कुठवर?"

"पोरीच्या घरापर्यंत," काचवाला म्हणाला.

"बघ की मेलं, एवढं मोठं घर आणि झाडलोट कुणी करायची? जा. मी तुमच्या दाराकडं बघते."

रीडिंगताईनं श्वास सोडला. तो लांब निघाला, दोन वर्षांचा असावा तसा. आणि ती चालायला लागली.

रस्ता तापला होता. खडे टोचत होते, आणि ते तिला बरं वाटत होतं, कारण स्वप्नात खडे नसतात. काचवाला सांगत राहिला, ती ऐकत राहिली, आणि रस्त्यावरची माणसं, सायकली, एक डुलक्या खाणारा फळवाला, सगळं तिच्या कडेनं पाण्यातल्यासारखं तरंगत मागं गेलं. लोक बघत होते. दोन म्हातारपणाला टेकलेली माणसं, अनवाणी, घरातल्या कपड्यांत, हातात हात घालून, आणि पुरुष एकसारखा बडबडतोय. कुणाला वाटलं असेल, ह्यांचं काहीतरी हरवलंय.

टाकीपाशी मैदान होतं. घरं संपली, एकदम मोकळं. तिनं मान वर केली नाही.

"वर किती आहे?" तिनं विचारलं.

"नेहमीचंच आहे."

"बरं. पुढं?"

"सायकलवाल्याचं दुकान. मग पिवळी भिंत. मग जिना, बावन्न पायऱ्या."

टाकीच्या पुढं धुरकट काहीच नव्हतं. सायकलवाला चाकातली हवा तपासत होता. पिवळी भिंत होती, तिच्यावर कुणीतरी खडूनं यष्ट्या काढल्या होत्या. बावन्न पायऱ्या तिनं स्वतः मोजल्या. एक्कावन्न भरल्या. "पन्नास वर्षं काच मोजतोय आणि पायरी मोजता येत नाही," ती धापा टाकत म्हणाली.

दार नुसतं लोटलेलं होतं. लेक कुशीवर, भिंतीकडं तोंड करून पडली होती. चाहूल लागली तरी तिनं मान वळवली नाही. नवरा लवकर आला असं तिला वाटलं.

"पाणी देता का जरा?" ती म्हणाली.

पाण्याचा पेला पुढं आला तो हात तिच्या ओळखीचा होता. ती कितीतरी वेळ पेला न घेता त्या हाताकडंच बघत राहिली.

"आई. तू कशी आलीस?"

"घरातल्या घरात," रीडिंगताई म्हणाली. "सरक जरा."

लेक सरकली. आई तिच्या पाठीशी आडवी झाली, काळे झालेले तळवे पलंगाबाहेर ठेवून. लेकीच्या पोटावर हात ठेवला. काचवाला दारात उभा, कुठं बसावं ते न कळून.

"किती वेळ थांबशील?" लेकीनं विचारलं. आवाज आधीच रडवेला झाला होता.

"थांबशील काय? परत जायचं म्हणजे पुन्हा बाहेर पडावं लागणार," आई म्हणाली. "ते काही मला आज जमायचं नाही. उद्याही जमेलसं दिसत नाही. बाळ होईपर्यंत तरी नाहीच."

लेक हसायला लागली आणि हसता हसता आईचा हात तिनं घट्ट दाबून धरला.

"अहो," रीडिंगताई न वळता म्हणाली, "माझे कपडे घेऊन या, चार जोड. गोळ्या आणा. आणि रोपांना पाणी घाला, सकाळी, उन्हाच्या आधी."

काचवाला हो म्हणाला. खाली उतरताना त्यानं पायऱ्या पुन्हा मोजल्या.