गाळलेली ओळ

शिरूरच्या मिशन शाळेत मी सातवीपर्यंत शिकले. लग्न ठरलं तेव्हा तिथल्या आमच्या ख्रिस्ती बाईंनी मला काळ्या कापडी बांधणीचं एक जाड पुस्तक दिलं. घरगुती औषधोपचाराचं. म्हणाल्या, "खेड्यात चाललीस, डॉक्टर जवळ नसेल." पुढं आयुष्यात बरीच पुस्तकं वाचली, पण मला बदललं ते या पुस्तकानं. कसं, ते मी आजवर एका माणसालाच सांगितलंय.

खुटबावला सासरी माझ्या वाचनाचं कौतुक फक्त मामंजींना, म्हणजे सासऱ्यांना होतं. दुपारी ते ओसरीवर टेकायचे आणि मी दाराआड बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. स्वतः अक्षरशत्रू, पण एक शब्द गाळला तरी ओळखायचे.

ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत मळ्यातून येताना त्यांना कुत्रं चावलं. पोटरीवर दोन दात लागले होते. सासूबाईंनी जखमेत मिरचीची पूड भरली. मामंजी ओसरीवरून म्हणाले, "सूनबाई, तुझ्या पुस्तकात कुत्र्याचं काय हाय का? वाच बरं."

मी वाचायला लागले. जखम साबणानं धुवावी. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी. कुत्रं पिसाळलेलं वाटल्यास पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावीत. त्यापुढची ओळ डोळ्यांना दिसली आणि मी वाचायची थांबले. रोगाची लक्षणं एकदा दिसली की उपाय नाही, रोगी वाचत नाही, असं लिहिलं होतं.

"आन् न्हाई टोचून घेतलं तर?" मामंजींनी विचारलं. "पुढं काय लिव्हलंय?"

सासऱ्यांच्या तोंडावर त्यांचं मरण कसं वाचायचं? मी म्हणाले, "पुढं सापाचं सुरू होतंय."

"मग एवढं काय न्हाई," म्हणत ते हसले. दुसऱ्या दिवशी नदीपलीकडं मांडवगणला कुणी कुत्र्याच्या विषावर झाडाची मुळी देतो, तिथं जाऊन ती खाऊन आले.

तिसऱ्या दिवशी ते कुत्रं ओढ्यात मरून पडलेलं सापडलं. मी यजमानांना विहिरीवर गाठलं. "मामंजींना दौंडच्या दवाखान्यात न्या."

"तूच वाचलंस न्हवं, टोचून न्हाई घेतलं तरी काय न्हाई म्हणून?"

तेव्हाही मी खरं बोलले नाही. एकदा खोटं वाचलं होतं, आता त्याचीच लाज आड आली.

जखम भरली. मामंजी काढणीला जाऊ लागले. घरात सगळं पूर्वीसारखं झालं, फक्त मी त्यांच्या पाण्याच्या प्रत्येक घोटाकडं बघत होते. तांब्या मीच न्यायचे आणि रिकामा होईपर्यंत दाराआड थांबायचे. पाच आठवडे असे गेले. एका सकाळी ते पोटरी चोळत म्हणाले, "मुंग्या येत्यात गं हितं." ते लक्षण पुस्तकात होतं. पुढच्या दिवशी त्यांनी तांब्या तोंडाशी नेला आणि गळा आवळल्यासारखं करून लांब भिरकावला. दारातून आलेली झुळूकसुद्धा त्यांना सोसेना.

दौंडला डॉक्टरांनी बघितलं आणि यजमानांना बाहेर बोलावून एवढंच विचारलं, "तेव्हाच का नाही आणलंत?"

मधूनमधून मामंजी शुद्धीवर असत. अशाच एका वेळी त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "सापाचं न्हवतं ना ते?"

"न्हाई मामंजी."

रागावले असते तर बरं झालं असतं. "पोरी, वाचायचं की," एवढंच म्हणाले. तिसऱ्या दिवशी गेले.

तेरावं झाल्यावर मी यजमानांपुढं पान उघडून ती ओळ वाचली. त्यांनी पुस्तक मिटलं आणि महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. सासूबाईंना त्यांनी कधीच सांगितलं नाही.

पुढं गावातल्या बाया पत्रं, तारा घेऊन माझ्याकडं येऊ लागल्या. जे लिहिलेलं असेल तेच मी वाचायचे, सगळं. एकीचा मुलगा मुंबईत दुसरं लग्न करून बसला होता, तेही मी तसंच वाचलं. ती उठून गेली, परत आली नाही. नंतर बऱ्याच जणी शाळेतल्या मास्तरांकडं जाऊ लागल्या. ते म्हणे फार गोड वाचत.