चंपाक्काची भाकरी आणि दादासोंचा तिसरा मजला

सांगलीपासून अर्ध्या तासावर, कृष्णाकाठच्या एका गावात, चंपाबाई मगदूम यांचा मोठा दबदबा आहे. कडक व्रताची बाई म्हणून. घर जैनांचं, त्यामुळे सूर्य मावळल्यावर तोंडात काही घालायचं नाही हा घरचा नियम. पण चंपाबाई त्याच्याही चार पावलं पुढं. हिवाळा लागला की आठवड्यातले निम्मे दिवस त्या संध्याकाळी जेवतच नाहीत. मंदिरात बायका एकमेकींना कोपरानं ढोसून सांगतात, "बघा, बघा, चंपाक्का. कसलं तेज हाय तोंडावर!"

तेज कसलं, भुकेनं डोळे मोठे झालेले असायचे.

खरा प्रकार असा होता. नवरा मदनअण्णा, मुलगा आर्जव आणि आला-गेला पाहुणा, सगळ्यांना भाकरी तव्यावरनं थेट ताटात लागायची, फुगलेली. जरा निवली की मदनअण्णांच्या मते तिचं पायताण व्हायचं. ह्या सगळ्यांची पोटं भरेतो चंपाबाई थापत राहायच्या. शेवटी त्यांनी स्वतःचं ताट पुढं ओढायला आणि अंगणातनं मदनअण्णांनी "मावळलाऽ!" म्हणून आरोळी ठोकायला एकच गाठ पडायची. मग ताट उचलायचं आणि गोठ्यात न्यायचं.

"आमची गाय बघा," चंपाबाई म्हणायच्या, "गावात हिच्याएवढी गुबगुबीत दुसरी न्हाई. माजं जेवान लय मानवलंय तिला."

गेल्या वर्षी घरात सून आली, ब्राह्मी. सांगलीत नोकरी करणारी, पाचच्या आत घरी येणारी. पहिल्याच हिवाळ्यात सासूचं हे तप तिनं जवळून पाहिलं आणि पदर खोचला.

"आत्या, स्वयंपाकघरात तुमचा वेळ कुठं जातोय ते आपण शोधू. ह्या बाई बघा, अर्ध्या तासात अख्खं जेवण करतात."

दोघी फोनपुढं बसल्या. फोनमधली बाई मोठी हसतमुख होती. आठवड्याचं आलं-लसूण रविवारीच वाटून ठेवा, म्हणाली. ह्या घरात लसूण एका दारानं आला असता तर मदनअण्णा दुसऱ्या दारानं गेले असते. बटाटे उकडून ठेवा, म्हणाली. कांदा तळून बरणीत भरा, म्हणाली. दोन्ही वर्ज्य. निदान कणीक तरी रात्री मळून फ्रिजमध्ये ठेवा, म्हणाली. तर शिळं चालत नाही.

"त्या बाईला म्हणावं, एकदा आमचा फ्रिज बघायला ये," चंपाबाई म्हणाल्या. "आत पाण्याच्या बाटल्या आन उजेड."

मग ब्राह्मीनं भाकरी दाबायचं यंत्र आणलं. ज्वारीचं पीठ त्याला दोन्ही अंगांनी असं बिलगलं, की ते सोडवायला उलथनं, सुरी आणि आर्जव असे तिघं लागले. यंत्र माळ्यावर गेलं. त्यानंतर दोन शेगड्यांवर दोन तवे चढले, आणि ही युक्ती मात्र लागू पडली. भाकऱ्या भराभर व्हायला लागल्या. दोघी एकमेकींकडं बघून हसताहेत तोवर बाहेरनं आवाज आला, "आज लवकर आवरतंय व्हय? मग मिरचीची चार भजी टाक की!"

तेव्हा ब्राह्मीच्या ध्यानात आलं, की ह्या घरात वेळ वाचवून उपयोग नाही. मांजराला दुधाचा लागत नाही एवढा मदनअण्णांना वाचलेल्या वेळाचा वास लागतो.

पौषातल्या एका संध्याकाळी दोघींनी चंगच बांधला. पावट्याची आमटी दुपारीच झाली होती, शेंगदाण्याची चटणी तयार होती, दोन्ही तवे तापले होते. आर्जव जेवून उठला, मदनअण्णा उठले, ब्राह्मीलाही चंपाबाईंनी दम देऊन जेवायला लावलं. आज बाई जेवणार, हे नक्की झालं. आणि दारात मदनअण्णांचे चुलतभाऊ भाऊसो उभे राहिले.

"वैनी, मी काय जेवाय आलो न्हाई," चप्पल काढत भाऊसो म्हणाले. "पन वास लय भारी सुटलाय."

पाहुण्याला नाही कोण म्हणणार? भाऊसोंनी "पुरं, पुरं" म्हणत तीन भाकऱ्या उडवल्या. चंपाबाईंनी घाईघाईनं स्वतःचं ताट वाढलं, भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला.

"मावळलाऽ!"

मदनअण्णा अंगणात लोखंडी खुर्चीवर बसून सूर्याचा निकाल द्यायचे. समोरच्या दादासो जगतापांच्या घराआड तो गेला की मावळला. त्यांचे वडीलही तसंच बघायचे. आर्जवनं मागं एकदा फोनवर वेळ काढून दाखवली होती, तर "त्यो चार्जिंगवर चालतोय, त्याला काय कळतंय सूर्यातलं?" म्हणून विषय मिटला होता.

चंपाबाईंनी तुकडा ताटात ठेवला. डोळ्यांत पाणी आलं, ते भुकेचं होतं की रागाचं कोण जाणे. ताट घेऊन त्या गोठ्याकडं निघाल्या, तेवढ्यात वरनं दादासोंच्या बायकोची, शालूबाईची हाक आली.

"चंपाक्का, ब्राह्मीला जरा वर धाड की. सांडगं गोळा करायचं हाईत, ऊन हाय तवर."

"काय हाय तवर?"

"ऊन वो, ऊन!"

चंपाबाईंनी मान वर केली. गच्चीच्या कठड्याला टेकलेली शालूबाई हळद लावल्यासारखी पिवळीधमक दिसत होती.

दादासोंचं घर एके काळी बसकं, कौलारू होतं. मग पोरगा पलटणीत गेला. तो नाईक झाला तेव्हा पहिला मजला चढला, हवालदार झाला तेव्हा दुसरा, आणि यंदाच्या बढतीला तिसरा, वर पाण्याची टाकी. दर बढतीला मदनअण्णांच्या अंगणात रात्र लवकर पडत गेली, आणि ह्या दोघी बायका हरवलेला वेळ तव्याखाली शोधत बसल्या.

गाईनं मान लांबवली होती. चंपाबाई तिला म्हणाल्या, "आज न्हाई, बाई," आणि ताटावर पदर झाकून रस्ता ओलांडून गेल्या. तीन जिने चढताना त्यांच्या छातीचा भाता झाला. पण वर पोचल्या तर काय, उसाच्या शेंड्यांवर सूर्य कसा पाटावर बसल्यासारखा निवांत बसलेला! त्याच्यासमोर त्यांनी फतकल मारली आणि घास तोंडात घातला.

खालनं मदनअण्णा ओरडले, "अगं ए! रात झाली, काय खातीस?"

"तुमच्याकडं झाली आसंल! हितं अजून दिवस हाय!"

"सूर्य काय मजल्या-मजल्याला येगळा असतोय व्हय?"

"त्येच तर म्हनते! वर येऊन बघा!"

मदनअण्णा गुडघे धरत वर आले, मागं भाऊसो. सूर्य समोरच होता, लपायला त्याला जागाही नव्हती. मदनअण्णांनी त्याच्याकडं बघितलं, टाकीकडं बघितलं, खाली आपल्या अंधारलेल्या अंगणातल्या खुर्चीकडं बघितलं.

भाऊसो हळूच म्हणाले, "अण्णा, मग मी अजून वाईच आमटी घेतली आस्ती तर चाललं आसतं म्हना की."

"तू गप," मदनअण्णा म्हणाले. मग बायकोच्या ताटाकडं बघून, "संपत आलं की गं तुजं."

"व्हय. दोन भाकऱ्या आना खालनं. टोपलीत हाईत, निवलेल्या असतील. माजं चालतंय." चंपाबाईंनी हातानंच सूर्य किती उरलाय ते मोजलं. "पळा, मावळंल."

गावानं मग ते दृश्य बघितलं. मदनअण्णा मगदूम धोतराचा सोगा धरून रस्ता ओलांडतायत, स्वयंपाकघरात "ब्राह्मी, टोपली कुटं असती गं?" म्हणून ओरडतायत, आणि दोन भाकऱ्या छातीशी धरून परत जिना चढतायत. शालूबाई सांडगे सोडून त्यांच्या पावलांचा आवाज ऐकत बसली होती.

भाकऱ्या वेळेत पोचल्या. चंपाबाईंनी दोन्ही खाल्ल्या, एकेक घास चावून, कुणालाही काही न वाढता. वर तांब्याभर पाणी प्यायल्या, आणि सूर्याची कड उसाला टेकता टेकता अशी दणदणीत ढेकर दिली, की टाकीवरची दोन कबुतरं उडून गेली.