आरशाची आंघोळ

मला पुसायची खोड आहे. हॉटेलात गेले तरी टेबल आधी मी पुसते, मग वेटर पुसतो. नवऱ्याचा चष्मा मी एकदा त्याच्या नाकावर असतानाच ओढणीने पुसला होता, आणि तेव्हा तो फोनवर त्याच्या साहेबांशी बोलत होता. अशा बाईला कोलकात्यात येऊन नोकरी लागली ती कुठे, तर जिथे पुसायला सक्त मनाई आहे तिथे.

नवऱ्याची बँकेतली बदली, माझी धूळ खात पडलेली भौतिकशास्त्राची पदवी आणि हावड्यातलं एका गल्लीतलं छोटं वर्कशॉप, असा तो योग जुळून आला. तिथे भिंगं, लोलक आणि आरसे साफ करून मिळत. खिदिरपूरला लागणाऱ्या जहाजांवरच्या दुर्बिणी येत, कॉलेजांचे सूक्ष्मदर्शक येत. इथल्या दमट हवेत काचेलासुद्धा बुरशी लागते, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. मालक सत्तरीचे बंगाली गृहस्थ. सगळे त्यांना मास्टरमोशाय म्हणत, मीही म्हणू लागले. ते माझ्याशी बंगाली वळणाचं हिंदी बोलत आणि मला ‘मा’ म्हणत. मुलीच्या वयाच्या बाईला तिकडे असंच म्हणतात.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर एक भिंग ठेवलं. त्यावर धुळीचे चार कण होते. माझा हात आपसूक ओढणीकडे गेला.

“हाथ पीछे!” ते एवढ्या जोरात ओरडले की मी शाळेतल्यासारखे दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिले. पुढचे सहा महिने मी बहुतेक तशीच उभी होते.

त्यांचं म्हणणं साधं होतं. धूळ म्हणजे वाळू. कोरडी पुसलीत की ओरखडा उठणार, आणि चार कणांनी भिंगाचं जे बिघडत नाही ते ओरखड्याने कायमचं बिघडणार. म्हणून आधी नुसतं बघायचं, टॉर्च तिरका धरून. मग रबरी फुग्याने हवा मारायची. मग परत बघायचं. आणि दहातल्या नऊ वेळा, “ठीक है, छोड़ दो.” छोड़ दो! समोर मळ दिसतोय आणि सोडून द्या म्हणे! मी घरी येऊन ओट्यावर सूड उगवायची. त्या काळात आमचं स्वयंपाकघर असं लखलखीत होतं की नवरा पाणी प्यायलासुद्धा भीत भीत आत यायचा.

दोन वर्षांत मी भिंगांपर्यंत पोचले, लोलकांपर्यंत पोचले. पण आकाश बघायच्या दुर्बिणीच्या आरशाला काही त्यांनी मला हात लावू दिला नाही. घरातल्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे सुरक्षित असतो. दुर्बिणीच्या आरशाचा पुढच्या अंगाला असतो, उघडा, आणि इतका पातळ की जोरात पुसला तर निघूनच यायचा. ते काम फक्त मास्टरमोशाय करत, दार लावून, आणि मी काचेच्या खिडकीतून बघत असे. मला तो आरसा हवा होता. एवढ्या तीव्रतेने मला दागिनासुद्धा कधी हवासा वाटलेला नाही.

आणि नवऱ्याची नागपूरला बदली झाली. हातात तीन आठवडे. मी सरळ जाऊन सांगितलं, “मास्टरमोशाय, निरोपाचं काही देऊ नका. जाण्याआधी एक आरसा माझ्या हातून होऊ दे.” चार दिवस त्यांनी मला नेहमीचीच भिंगं दिली. मग म्हणाले, “एतवार को आना.”

आकाशनिरीक्षण करणाऱ्या एका मंडळाचा आरसा होता, चांगला परातीएवढा. रविवार अशासाठी की शेजारचा लेथचा कारखाना रविवारी बंद असतो, म्हणजे हवेत लोखंडाची धूळ नाही. दुपारी दोनची वेळ ठरली.

आता संक्रांतीचे दिवस. त्याच सकाळी फोर्ट विल्यममध्ये एका लष्करी अधिकाऱ्याच्या बायकोकडे आम्हा मराठी बायकांचं हळदीकुंकू होतं. कोलकात्यात आम्ही मोजक्या, त्यामुळे तिथे न जाणं म्हणजे वर्षभर ऐकून घेणं. गेले. वाण घेतलं, तिळगूळ खाल्ला आणि तशीच बाबूघाटावरून नदीपलीकडे हावड्याला जाणारी लाँच पकडली. लाँचवर मला बसवेना. कठड्याशी उभी राहून मी एकटीच हसत होते. शेजारच्या आजोबांनी जरा बाजूला सरकून घेतलं.

वर्कशॉपमध्ये पोचल्यावर मी फार शहाणपणा केला. कपाळावरचं हळदीकुंकू साबणाने धुतलं, कारण एखादा कण आरशावर पडला तर? बोटं, नखं, तळवे तीनदा धुतले. केस बांधले, मास्क लावला. मग टबात पाणी घेतलं. पाणी फार गार नको आणि फार गरमही नको, काचेला सोसवेल असं हवं. मी काय केलं? आता हॉस्टेलवर असलेली माझी लेक तान्ही असताना तिला न्हाऊ घालायला करायची तेच. उजवा हात उलटा करून पाण्यात बुडवला. छान कोमट होतं. मग हातमोजे चढवले.

आरसा हळूच पाण्यात उतरवला. कापसाचा बोळा नुसता ठेवायचा, दाबायचा नाही, त्याच्या स्वतःच्या वजनाने ओढायचा. एक ओढ, बोळा फेकून द्यायचा, नवा घ्यायचा. शंभरेक बोळे झाले असतील. आरसा खोलगट असल्यामुळे माझं तोंड त्यात भलंमोठं दिसत होतं, डोळे बशांएवढे. मास्कच्या आत मी गात होते. मास्टरमोशाय मागे स्टुलावर बसून होते. एकदाही ‘हाथ पीछे’ आलं नाही!

शेवटी आरसा उचलून तिरका धरला आणि वरून शुद्ध पाणी सोडलं. स्वच्छ काचेवरून पाणी अख्खं घसरून जातं. माझ्या आरशावर ते मधोमध फाटलं आणि तिथे थेंबांचा एक पुंजका उभा राहिला. तेल!

मास्टरमोशाय उठले, टबावर वाकले आणि त्यांनी हुंगलं.

“मा,” ते म्हणाले, “इसमें बेली फूल का बास काहे आता है?”

मोगरा. मी उजव्या हाताचा मोजा खाली ओढला आणि हात नाकाशी नेला. अत्तर! हळदीकुंकवाला सवाष्णीच्या हाताच्या पालथ्या बाजूला अत्तर लावतात. यजमानीणबाईंनी मला जाणारी म्हणून चांगलं दोनदा लावलं होतं. तळवे मी तीनदा धुतले आणि पालथा हात नेमका बुडवला पाण्यात. अत्तराचा तवंग पाण्यावर तरंगत राहिला आणि आरसा वर काढताना त्याला चिकटला.

मी सगळं सांगितलं. हळदीकुंकू म्हणजे काय इथपासून सांगावं लागलं, आणि तेही रडत, म्हणजे ते किती धड सांगितलं असेल बघा. माझा एकुलता एक आरसा मी माझ्याच हाताने घालवला होता. मास्टरमोशाय ऐकत होते. त्यांचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं खोकताहेत. ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, एका हाताने तोंड घट्ट दाबून, कारण आरशावर थुंकी उडता कामा नये.

“धूल होता तो बोलता, छोड़ दो,” ते म्हणाले. “तेल नहीं छोड़ने का. सूखेगा तो बैठ जाएगा. अभी निकालो.”

त्यांनी नवे हातमोजे काढले. आता ते स्वतः घालणार म्हणून मी बाजूला झाले. त्यांनी ते माझ्या हातात दिले, कोपरापर्यंत हात धुवायला सांगितलं आणि चहा प्यायला निघून गेले. दारही लावून घेतलं. उघड्या आरशाबरोबर त्यांनी आजवर कुणाला एकटं सोडलं नव्हतं.

मी कोपरापर्यंत घासले हात. नवा टब, नवं पाणी, साबणाचा एक थेंब, नवे बोळे. पुन्हा आरसा तिरका धरला, पाणी सोडलं, आणि ते एकसंध, कुठेही न फाटता, सरसर खाली उतरलं. मला किंचाळायचं होतं. मी ओठ मिटून, आरसा दोन्ही हातांत धरून, टाचांवर नुसती वरखाली होत राहिले.

मास्टरमोशाय आले. टॉर्च तिरका धरून पाच मिनिटं बघत राहिले. मग टॉर्च बंद केला.

“हमारे पास ऐसा और पाँच पड़ा है,” ते म्हणाले. “तुम्हारा तो टाइम नहीं.”

घरी पोचले तेव्हा नवरा पुस्तकांची खोकी बांधत बसला होता. मी चपला काढायच्या आधीच त्याला म्हटलं, “तू पुढे हो नागपूरला. मी मागून येते.”

“मागून म्हणजे कधी?”

“पाच आरसे राहिलेत,” मी म्हटलं, आणि त्याने माझ्या नावाच्या बांधलेल्या खोक्याची दोरी सोडायला घेतली.