शेवटच्या मेंढीचं कातरण

पुण्याहून सकाळी साडेसहाच्या एसटीत बसले तेव्हा मांडीवर कॉलेजचा कॅमेरा होता आणि सोमवारी संध्याकाळी तो परत करायचा होता. चित्रपटाच्या अभ्यासक्रमात आम्हाला पाच मिनिटांची फिल्म करायची होती: हाताने होणारं एखादं काम, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, संवादाशिवाय. माझी पहिली फिल्म कुंभारावर होती. "चित्रं छान आहेत, काम कुठे आहे?" असं विचारून सरांनी ती परत केली. ही दुसरी आणि शेवटची संधी होती. हीही गेली असती तर वर्षावर पाणी सोडावं लागलं असतं.

खोलीतली मैत्रीण आष्टी तालुक्यातली. तिच्या ओळखीने म्हाळूमामा नावाच्या मेंढपाळाचा फोन नंबर मिळाला. मी त्यांना म्हटलं, "रविवारी येते. तुमच्याकडचं लोकर कातरणं बघायचंय." ते म्हणाले, "या की." एवढ्यावर मी निघाले.

नगरला गाडी बदलली. आष्टीच्या स्टँडवर उतरताना ट्रायपॉडचा एक पाय दारात अडकून वाकला आणि कंडक्टरने माझ्याकडे असं पाहिलं की जणू दारच माझ्यामुळे वाकलं. बाहेर ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरांची रांग होती. ट्रॉलीत पेट्या, पत्रे, एक उलटी बाज आणि टोपलीत झाकलेल्या कोंबड्या. मी थोडं शूटिंग केलं. ट्रॉलीतल्या बाईने पदर सावरला आणि तोंड फिरवलं, तेव्हा थांबवलं.

तिथून जीपने वस्तीवर. बाजरी निघालेली रानं, मधूनमधून तुरीचे पट्टे, बाकी खडक. म्हाळूमामा रस्त्यापर्यंत आले होते. कोरं धोतर, ताजी दाढी, डोक्याला नवा फेटा. त्यांच्या बायकोने, ठकूमामींनी, ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि अंगण सारवलं होतं. घरामागे वाघरीत (मेंढ्यांभोवती लावायच्या जाळीत) मेंढ्या उभ्या होत्या. सगळ्या कातरलेल्या. न्हाव्याकडून नुकत्याच आलेल्या पोरांसारख्या, जरा ओशाळलेल्या.

मी विचारलं, "मामा, कातरण झालं?"

"कालच उरकलं समदं," मामा खुशीत म्हणाले. "चौघं गडी लावलं."

"पण मी तेच बघायला आले होते."

"आता गं बया," मामी म्हणाल्या. "घरी पाव्हणी यायची आन् आमी लोकरीत बरबटून बसायचं व्हय? म्हनलं, आदीच मोकळं व्हावं, मंग निवांत बोलता येतंय."

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पाहुणा येणार म्हणून माझी आईसुद्धा पसारा आवरते. पण मला त्या क्षणी दोघांचाही राग आला, आणि तो लपवायला मी कॅमेऱ्याची पिशवी उगाच उघडबंद करत राहिले.

जेवायला बाजरीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे, मिरचीचा ठेचा आणि शेळीच्या दुधाचा चहा. तिसऱ्या भाकरीला मी ताटावर हात आडवा धरला. मामींनी हाताखालून भाकरी सरकवली. त्या घरात पाहुण्याचं 'नको' चालत नव्हतं. तिथे पाहुण्याला 'नाही' म्हणायचीही रीत नसते, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

हात धुताना वाघरीच्या कोपऱ्यात एक मेंढी दिसली. काळी, लोकरीने भरलेली.

"ही कशी राहिली?"

"ती गाभण हाय," मामा म्हणाले. "दिवस भरत आलेत. व्याल्यावर कातरू."

"आज नाही का कातरता येणार? एकच आहे. मला तेवढी पुरेल."

मामांनी मामींकडे पाहिलं. मामी खाली बघत ताटं उचलत होत्या.

"कातरू की," मामा म्हणाले. "तुमी एवढ्या लांबून आल्या."

मी कॅमेरा लावला. ट्रायपॉडच्या वाकड्या पायाखाली मामांनीच दगड दिला. त्यांनी कोरं धोतर बदलून जुनं नेसलं, मेंढीचे पाय सैलसर बांधले आणि तिला कुशीवर निजवलं. उजव्या हाताने कातर चालू झाली. डावा हात तिच्या पोटाखाली होता, तो ते हलवतच नव्हते. लोकर काळ्या सायीसारखी सुटून येत होती. दृश्य अप्रतिम होतं, फक्त तो हात नेमका मध्ये येत होता.

"मामा, डावा हात जरा बाजूला घेता का? पोटावरची लोकर दिसत नाहीये."

कातर थांबली.

"ऱ्हाऊ द्या की हात," मामी हळूच म्हणाल्या.

"पाव्हणीचं काम हाय," मामा म्हणाले आणि त्यांनी हात काढला.

मेंढी दोनदा झटका देऊन शांत झाली. मला पोट दिसलं, लोकर दिसली, श्वास दिसला. तीन वेगवेगळ्या बाजूंनी घेण्यासाठी मी तिला दोनदा कूस बदलायला लावली. निघताना मामींनी शेंगदाण्याची पुरचुंडी दिली. मेंढी उभी होती, पण इतरांसारखी चाऱ्याकडे गेली नव्हती. मला जीप गाठायची होती.

सोमवारी कॅमेरा वेळेत परत केला. पुढच्या आठवड्यात फिल्म पास झाली. नुसती पास नाही, सरांनी ती वर्गात दोनदा दाखवली आणि पोटाच्या त्या क्लोजअपवर थांबवून म्हणाले, "बघा, हिने जवळ जायचं धाडस केलं." टाळ्या पडल्या. मी हवेतच होते. त्याच भरात मामांना फोन लावला.

"ब्येस झालं," मामा म्हणाले.

"मेंढी कशी आहे? व्याली का?"

मग फोन मामींच्या हातात गेला.

"दुसऱ्या दिशी गाभडली (तिचा गर्भ पडला) ती," मामी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं. "दोन कोकरं व्हती."

"मामी, मला तेव्हाच सांगायचं ना."

"तुजं वरीस जात व्हतं म्हनं. तुज्या मैत्रिणीनं सांगितलतं."

म्हणजे त्यांना माझं संकट ठाऊक होतं. त्यांचं मी विचारलंच नव्हतं. कामच दाखवायचं होतं, तर तो पोटाखालचा हात हेच काम होतं, आणि तोच मी चित्रातून काढायला लावला. पास झालेल्यांच्या यादीत माझं नाव आहे. त्याचा आनंद झाला नाही असं म्हटलं तर खोटं होईल, आणि त्या आनंदाची लाज वाटते हेही तितकंच खरं आहे.

फोन ठेवण्याआधी मामींनी विचारलं, "आमाला कवा दावतीस शिनेमा? ह्यांनी शेजारच्यांना सांगून ठिवलंय."

मी लवकरच येते म्हटलं. फिल्म पाच मिनिटांची आहे. त्या दोघांच्या शेजारी बसून ती बघायची हिंमत मला अजून झालेली नाही.