ठरलं की कळवीन

खांबेटे सर गेल्याचं मला मोटारीच्या कंडक्टरनं सांगितलं. सरळगावला मुरबाडकडे जाणाऱ्या मोटारीत पाय ठेवते न ठेवते, तोच तो म्हणाला, "बाई, आपलं खांबेटे सर गेलं की. आन् जरा आत सरका, मागं मानसं हायत." मी आत सरकले, जागा मिळाली, मोटार निघाली आणि मग कुठे त्याचं पहिलं वाक्य माझ्यापर्यंत पोहोचलं. तो मुरबाडला सरांच्या हाताखाली शिकलेला, मी शहापूरला. म्हणून 'आपलं'. उतरताना मी त्याला विचारलं, "कसे होते रे सर, तुमच्याकडे?" त्यानं टोपी मागे सारली. "चांगलं होतं," म्हणाला, "पन कळायचं नाय." ... त्याला आता काही आठवडे झाले. सरांची जुनी विद्यार्थिनी म्हणून लोक मला त्यांच्याबद्दल विचारतात, आणि मी बोलायला लागले की त्या कंडक्टरपेक्षा फार पुढे जात नाही.

माझे वडील आसनगाव स्टेशनवर सांधेवाले होते. रूळ बदलायचा दांडा ओढायचा, गाडी नीट वाटेला लावायची, हे त्यांचं काम. घरची थोडी भातशेती होती, ती आई बघायची. गार्डसाहेबांशी दोन शब्द इंग्रजीत बोलता आले असते तर आपण दांड्यापाशी राहिलो नसतो, असं वडिलांना वाटे. मुलगा नव्हता, म्हणून ते मला घेऊन शहापूरच्या हायस्कुलात गेले. एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. आधी त्या शाळेत बाजारपेठेतली मुलंच असत. वाण्याची, सोनाराची, कचेरीतल्या कारकुनांची. मग हळूहळू कुणब्यांची मुलं आली, डोळखांबकडच्या पाड्यांवरची आली. पायांत काही नाही, सदरा एकच, वय जास्त. बाजारातल्या काही मंडळींना ते रुचलं नव्हतं. त्यात आता मुलगी. हेडमास्तर खांबेटे यांनी वडिलांना एवढंच विचारलं, "रोज पाठवाल?" वडील म्हणाले, "गाडी येते तशी येईल, साहेब." सरांनी माझं नाव लिहून घेतलं. अनसूया. माझ्या आधी शाळेत एकच मुलगी होती, मामलेदार कचेरीतल्या कारकुनाची कमल. आम्हां दोघींना खिडकीजवळचं वेगळं बाक मिळालं.

सरांचा वेत तालुक्यात प्रसिद्ध होता. पण त्यांना अभिमान होता तो वेताचा नव्हे, त्याच्या समानतेचा. ज्याचा अभ्यास झाला नाही त्याला दोन छड्या, त्याही डाव्या हातावर, कारण उजव्यानं लिहायचं असतं. सावकाराचा मुलगा असो की पाड्यावरचा, त्यात फरक नाही. एकदा एका व्यापाऱ्यानं येऊन विचारलं, आमच्या मुलाला त्या डोंगरातल्या पोरांच्या रांगेत उभं करून मारता, हे शोभतं का? सर म्हणाले, "वेताला घराणं कळत नाही." हे वाक्य गावभर झालं होतं. पाड्यांवरच्या मुलांना तर ते वाक्य म्हणजे आपली सनद वाटे. मार खाऊन खाली बसताना लहू, आमच्या वर्गातला डोळखांबकडचा उंच मुलगा, हात झटकत हसायचा. सावकाराच्या मुलाच्या हातावरही तसाच वळ आहे, हे त्यानं पाहिलेलं असायचं.

आम्हां दोघींना मात्र छडी नव्हती. प्रश्नही नव्हता. सर पहिल्या बाकापासून विचारत येत, खिडकीपाशी आले की त्यांची नजर आमच्यावरून पुढच्या बाकावर जाई. उत्तर येत असलं तरी बोलायचं नाही, येत नसलं तरी भ्यायचं कारण नाही. मी घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं हाय की गो. मार नाय, त्रास नाय. आजून काय पायजे तुला?" मला काय पाहिजे होतं ते मला सांगता येईना. कमलला विचारलं तर तिला यात विचारण्यासारखं काही दिसलंच नाही. पण वर्गात आमच्याशिवाय सगळ्यांना काहीतरी होत होतं, कुणाला शाबासकी, कुणाला मार... आणि आम्ही तिथे बसून होतो, भिंतीवरच्या नकाशासारख्या.

इंग्रजी चौथीत असताना शिमग्याच्या सुटीनंतर शाळा भरली त्या दिवशीची गोष्ट. सणामुळे कुणीच भाषांतर करून आणलं नव्हतं. सरांनी पहिल्या बाकापासून सुरुवात केली. वर्गात फक्त छडीचा आवाज आणि श्वास. लहूचं झालं, सोनाराच्या मुलाचं झालं. सर खिडकीपाशी आले आणि नेहमीप्रमाणे पुढे गेले. मी उठून उभी राहिले.

"सर, माझंही झालेलं नाही."

"बस," ते मागे न बघता म्हणाले.

मी बसले नाही. डावा हात पुढे केला. का केला, हे त्या वेळी मला सांगता आलं नसतं आणि आजही नीट येत नाही. ते धैर्य नव्हतं. कमल खालून माझा परकर ओढत होती. सर वळले. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. राबाचे दिवस होते. पेरणीआधी जमीन भाजायला आम्ही रानातून डहाळ्या वाहून आणायचो, त्याचे ओरखडे तळहातावर होते. सरांनी छडी उचलली. ती वरच राहिली. मग त्यांनी मुलांच्या बाकांकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि छडी टेबलावर ठेवली. मोडेल की काय अशी जपून. "बसा," ते सगळ्या वर्गाला म्हणाले. वर्ग तर बसलेलाच होता, उभी मी एकटी होते. आणि ते बाहेर निघून गेले.

त्यानंतर शाळेत वेत दिसला नाही. सरांनी कुणाला कारण सांगितलं नाही. आधी मुलांना आनंद झाला, मग विश्वास बसेना, मग वर्गात शिट्ट्या वाजू लागल्या. कुणीतरी एक दिवस वर्गात शेळी आणून बांधली. सर फळ्याकडे तोंड करून लिहीत राहिले आणि शेळी ओरडत राहिली. काही मुलं मला येता-जाता हात जोडायची. लहू माझ्याशी बोलेनासा झाला. मला वाटलं होतं, निदान आता सर आम्हांला प्रश्न विचारतील. तेही झालं नाही. उलट ते आता कुणालाच फारसे विचारत नसत.

आणि एके दिवशी लहूचे वडील आले. डोळखांबकडून चालत आलेले, खांद्यावर घोंगडी. वर्गाच्या दारातच उभे राहिले, म्हणून आम्ही सगळं ऐकलं.

"मास्तर, आमच्या पोराचं काय चुकलं?"

"काही चुकलं नाही," सर म्हणाले.

"मंग त्याला मारत का नाय? सोनाराच्या थोरल्याला तुमी मारलंत, तो कचेरीत लागला. आमचा डोंगरातला. शिकला काय नि नाय शिकला काय, असंच ना?"

सरांचा चेहरा मला अजून दिसतो. "तसं नाही हो," एवढंच ते म्हणाले. लहूचे वडील "बरं" म्हणून गेले. पुढच्या जूनमध्ये लहू शाळेत आला नाही. तो त्यामुळे की घरच्या कामामुळे, मला कळलं नाही.

शाळेच्या चालक मंडळींनी सरांना बोलावून काय सांगितलं ते बाहेर आलं नाही. पण सर हेडमास्तरकी सोडून मुरबाडला साधे शिक्षक म्हणून जाणार, हे पक्कं झालं. जायच्या दिवशी मी त्यांच्या खोलीच्या दाराशी गेले. ते पुस्तकं बांधत होते. इतक्या वर्षांत ते माझं नाव घेऊन बोलले ते तेव्हाच.

"अनसूया, तू हात पुढे केलास ते बरं केलंस की वाईट, हे मला ठरवता आलेलं नाही." दोरीची गाठ मारली. "ठरलं की कळवीन."

मी "हो सर" म्हटलं. जणू ते निकालाबद्दल बोलत होते.

पुढे मी फायनलची परीक्षा पास झाले, मास्तरीण झाले, बदली होऊन सरळगावला आले. मुरबाडला बाजाराला गेले की सरांकडे डोकावायचे. ते माझ्या वर्गाची चौकशी करत, मुली किती येतात विचारत. एकदा तर मी उठताना त्यांनी "अनसूया..." अशी हाक मारली. मी थांबले. "छत्री विसरलीस," ते म्हणाले. मी कधी विषय काढला नाही. वाटे, घाई कशाला, ठरलं की कळवतील.

ते गेल्यावर मी काकूंना, त्यांच्या पत्नींना, भेटायला गेले. शालिनी नावाची शेजारची मुलगी पाणी भरून देत होती. सरांच्याच वर्गातली. ती मला म्हणाली, "बाई, सरांनी मला एकदा मारलं होतं. पोरांबरोबर." आणि सहज डावा हात पुढे करून दाखवला. मी विचारलं, "कधी?" म्हणाली, "औंदा. गणित केलं नव्हतं."

"मग?"

"मंग काय? दुसऱ्या दिवशी केलं."

ती कळशी घेऊन निघून गेली. म्हणजे मुरबाडला सरांनी वेत पुन्हा हातात घेतला होता? आणि मुलीलाही मारलं, म्हणजे त्यांचं ठरलं होतं? की नव्या शाळेनं भाग पाडलं, आणि एकदा घेतल्यावर आता कुणालाच सोडायचं नाही, एवढंच? मुलीला मार बसला याचा मला राग यायला हवा होता. मी माझ्या वर्गात छडी ठेवत नाही. पण खरं सांगायचं तर मला त्या पोरीचा हेवा वाटला, आणि लगेच त्या हेव्याची किळसही आली. आणि कळवलं का नाही? समोर बसून चहा घ्यायचे, मुलींची संख्या विचारायचे...

काकूंनी दिवा लावला आणि उंबऱ्याजवळ पाट मांडून बसल्या. मी म्हटलं, "काकू, तिथे वारा लागेल." त्या म्हणाल्या, "सवय गं. रोज दिवा लागला की ते उद्याचा धडा मला वाचून दाखवायचे, मग प्रश्न विचारायचे. शहापूरपासूनचं. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण उत्तर दिल्याशिवाय उठू द्यायचे नाहीत." वर्गात तीन वर्षं ज्या माणसानं मला एक प्रश्न विचारला नाही, तो घरी रोज संध्याकाळी या बाईला विचारत होता.

"आता कुणी विचारत नाही," काकू म्हणाल्या. "तू मास्तरीण आहेस. विचार ना काहीतरी."

मला काय विचारावं सुचेना. लहान मुलांना विचारतात ते तोंडात आलं. "काकू, सूर्य फिरतो की पृथ्वी?"

"पृथ्वी," त्या लगेच म्हणाल्या. मग वातीकडे बघत राहिल्या. "ते नेहमी विचारायचे आणि मी हेच सांगायचे. म्हणायचे, बरोबर." त्यांनी आवाज खाली आणला, आत कुणी निजलेलं असावं तसा.

"पण मला मेलीला ते अजून पटलेलं नाही. त्यांना कधी बोलले नाही."