मार्थाबाईंचं मुठीचं गाडगं

साधं जगायला शिकायचं म्हणून पुण्याहून निघालो, तेव्हा माझ्याजवळ तीन बॅगा होत्या. एकीत तर नुसती साधेपणाची तयारी: खादीचे कुर्ते, पाण्याची गाळणी, फुगवायची गादी. गेवराईला उतरताना कंडक्टर म्हणाला, "बिऱ्हाड हलवलं का काय?"

"प्रभूच्या मागं कसं चालायचं ते उमापूरच्या मार्थाबाईंकडं राहून पाहा," एवढंच आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले होते. रस्ताभर काळ्या रानात कापूस फुटलेला. मार्थाबाईंच्या आळीत मात्र निम्म्या दारांना कुलपं, माणसं ऊसतोडीला गेलेली. पत्र्याच्या एका खोलीत त्या एकट्याच राहतात.

पहिल्याच जेवणाला मी वांग्याचं कालवण नाकारलं. "मला भाकरी-मीठ पुरे."

"कावून (का)? दात दुखतेत का?"

मी मुकाट्यानं वांगं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी त्या कापूस वेचायला गेल्या आणि मला सेवेची लहर आली. दारात कोंबड्या घुटमळत होत्या. चुलीमागं गाडग्यात (छोट्या मडक्यात) बाजरी दिसली. ती सगळी अंगणात उधळली. अगदी संत झाल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी मार्थाबाईंनी भाकऱ्या थापल्या आणि गाडगं उचललं. "दादा, ह्यातली बाजरी?"

"कोंबड्यांना घातली."

त्या खालीच बसल्या. "मुठीची हुती ती."

रोज चूल पेटवण्याआधी एक मूठ धान्य देवासाठी बाजूला काढायचं, ही इथल्या ख्रिस्ती मंडळीतली जुनी रीत. यंदा ते शेजारच्या गोदाबाईंना द्यायचं ठरलेलं. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेत, म्हातारी एकटी. तिचं पीठ आजच संपलं होतं.

"मी दुकानातून आणतो."

"दुकान मिटलं आता, उद्या आणा की. आज तिनं उपाशी निजायचं का?" त्यांनी निम्म्या भाकऱ्या फडक्यात बांधून माझ्या हातात दिल्या. "तुमीच जा. काय झालं ते बी तुमीच सांगा."

गोदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "लाल कोंबडी हुती का त्यात?"

"लाल दोन होत्या, एक काळी."

"मंग माझ्याच हायत त्या. पोचली की बाजरी." तोंडाला पदर लावून त्या बराच वेळ हसल्या. मग माझ्या पोटाकडं बघत हातावर दोन अंडी ठेवली. "मार्थीला दे. म्हनावं, पाव्हना लई वाळलाय."

त्या रात्री आम्ही अर्धपोटी जेवलो, अंड्यांसकट. फुगवायची गादी मी बॅगेतून काढलीच नाही.

पुण्यात परतल्यावर ओट्यावर स्टीलचा डबा ठेवला. रोज तांदळाची एक मूठ त्यात. डबा भरला तेव्हा बायकोनं विचारलं, "द्यायचा कुणाला?"

उमापुरात मार्थाबाईंना शेजारणीचं पीठ कधी संपणार हेही ठाऊक होतं. आमच्या इमारतीत कुणाकडं काय कमी आहे, कोण एकटं आहे, याचा मला पत्ता नव्हता. शेवटी डबा घेऊन समोरची बेल दाबली, आणि दार उघडेपर्यंत पाटीवरचं नाव पहिल्यांदाच नीट वाचलं.