पिस्तुलाचं तेल आणि आमचा मामा

जगातली सगळी तेलं पिस्तुलासाठीच काढली जातात आणि उरलंसुरलं माणसं भाजीत घालतात, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या आईचा थोरला भाऊ निघाला. वास्तविक आमच्या घरी तेलाची चैन कधीच नव्हती. बाबा कबनूरला दुसऱ्याच्या यंत्रमागावर कापड विणायला होते. माग बंद पडले की आमची चूलही अर्धी बंद. आई फोडणीला तेल ओतत नसे, फडक्याचा बोळा बुडवून कढई पुसून घेई. पुढे माग कायमचेच बंद झाले आणि आम्ही मामाच्या आधाराने कसबा बावड्यात दोन खोल्यांत राहायला आलो. मामाने पहिल्याच आठवड्यात आईच्या वाट्या खिडकीत मांडल्या, प्रत्येकीत वेगळं तेल ओतलं आणि बजावलं, "सुमे, ह्यास्नी हात लावायचा न्हाय. तपासणी चाललीया."

"दादा, त्यातल्या एकात पापड तरी तळू दे की!" आई म्हणाली.

"पापडाला गंज चढतो व्हय?" मामाने विचारलं.

मामा सैन्यातून निवृत्त होऊन कोल्हापुरातल्या एका नेमबाजी केंद्रात शस्त्रखोली सांभाळत होता. त्याच्याच नादाने मी कॉलेजात असताना नेमबाजी शिकले. केंद्राचं एक लहान सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल सरावासाठी मला मिळे, आणि त्याला कुठलं तेल मानवेल हा प्रश्न मामाने स्वतःच्या पोरीचं स्थळ बघावं तसा चालवला होता. पत्र्याच्या तुकड्यांवर तेलाचे थेंब टाकून तो ते कौलांवर ठेवी. गळिताचा हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या धुराड्यातून काजळी पडते. कुठल्या तेलात ती किती रुतते हे तो भिंग लावून पाही. खोबरेल थंडीत गोठतं म्हणून बाद. शिवणयंत्राचं तेल पातळ, "पळपुटं." मागाला घालायचं तेल बाबांनी मोठ्या आशेने सुचवलं होतं, ते "धूळ गोळा करतंय" म्हणून हाकललं गेलं. दाजी-मेहुणे त्यावरून चार दिवस बोलले नाहीत. असं अख्खं वर्ष घालवून मामाने शेवटी जे तेल निवडलं, ते केंद्रात आधीपासून वापरत होते तेच!

"मग वर्षभर काय केलंस?" मी चिडून विचारलं.

"खात्री," मामा म्हणाला.

लावायची तऱ्हा तर त्याहून जीवघेणी. उद्या माझा इतिहासाचा पेपर असला तरी सरावानंतर सुटका नसे. आधी मॅगझिन काढायचं, आत गोळी राहिली नाही हे डोळ्यांनी बघायचं, मग बोटाने चाचपायचं, मग मामाने पुन्हा बघायचं. पिस्तूल उघडून ब्रशने जुना काळा थर काढायचा. वरचा भाग ज्या खाचांतून मागेपुढे सरकतो, त्या खाचांत दाभणाच्या टोकाने एकेक थेंब. सरकवून ते पसरवायचं, आणि एवढं करून कोरड्या फडक्याने पुसून टाकायचं.

"पुसायचंच तर लावायचं कशाला?"

"तोंडाला पावडर लावून परत पुसतीस न्हवं? तवा विचारतीस काय आरशाला?"

मॅगझिनमध्ये तेल जाता कामा नये. माझा हात एकदा जरा सैल पडला तर मामा शस्त्रखोलीभर ऐकू जाईल असा ओरडला, "गोळ्या हाईत त्या, भजी न्हाईत!" सगळ्या मुली हसल्या. मला तेव्हा ते पिस्तूल मामाच्या डोक्यात घालावंसं वाटलं होतं.

आणि असल्या माणसाने खंडेनवमीला काय करावं? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी राज्य संघाची निवड चाचणी होती. संघात नाव आलं तर खेळाडूंच्या राखीव जागेतून नोकरीला अर्ज करता येणार होता, नाहीतर बी.ए. संपल्यावर मला दुकानात कापडं घडी घालत उभं राहायचं होतं. खंडेनवमीला केंद्रात शस्त्रपूजा झाली. देवापुढे मांडायचं म्हणून मामाने माझ्या पिस्तुलाला झळाळेपर्यंत तेल चोपडलं, वर हळद-कुंकू वाहिलं आणि पूजा झाल्यावर ते वरूनच पुसून कुलपात ठेवलं.

चाचणीत दुसऱ्याच फेरीत पिस्तूल अडकलं. मी हात वर केला. पंच मॅडम आल्या. त्यांनी मॅगझिन काढून वरचा भाग मागे ओढला, तर खाचांत लालभडक चिखल.

"हे काय गं?"

"कुंकू, मॅडम."

"अगं, पूजा आम्हीपण करतो. पण नंतर पुसायचं कुणी?"

दोरीपलीकडे मामा उभा होता. वर्षभर तेलावर बोलणारा माणूस तोंडात रुमाल कोंबून उभा होता. त्याला आत यायला परवानगी नव्हती. मी पिस्तूल उघडलं, पुसलं, खाचांत एकेक थेंब सोडला, सरकवलं, पुन्हा पुसलं. क्रम चुकला नाही. राहिलेल्या फेऱ्या मी पूर्ण केल्या.

बाहेर आल्यावर मी बोलायच्या आत मामाच म्हणाला, "डाव्या अंगाला थेंब कमी सोडलास."

"मामा!" मी किंचाळले. "कुंकू कुणी भरलं होतं?"

मामा रुमालाची घडी घालत म्हणाला, "बाकीच्यांस्नी नुसतं बोट टेकवलं. तुझ्याला चिमूटभर जादा वाहिलं. तुझं काम व्हावं म्हणून."

आता मामा हातकणंगल्याला लेकीकडे असतो. हात कापतात, बशीतला चहा सांडतो. शस्त्रखोलीचं नावही काढत नाही, फोनवर म्हशीच्या दुधाबद्दल बोलतो. त्याचा मला जास्त वैताग येतो.

त्या चाचणीत राज्य संघातली शेवटची जागा मला मिळाली. पुढच्या वर्षी मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली. त्यानंतर मला खेळाडूंच्या राखीव जागेतून सरकारी नोकरी लागली.